मामांनी बंद केलेली खिडकी

सप्टेंबर १९८४. पहिला रविवार, सकाळ. जागा: वाशीतलं आमचं घर, पहिला मजला.

हजर: मी. आमचे हे, अंगात फाटका बनियन, नाकाला ओला रुमाल. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कंबरेला पदर खोचून. आमची मुलगी, तेव्हा दुसरीत, हिला कामाच्या जागी यायची बंदी होती पण दर थोड्या वेळानं दारात दिसत होती. मामा, म्हणजे माझे सासरे, समोरच्या इमारतीच्या गॅलरीत खुर्चीवर. धाकटे दीर वाटेत, महाडहून येणाऱ्या एस.टी.त. ते मामांना कायमचं गावी न्यायला निघाले होते.

काम: बाथरूममधली बुरशी काढणे आणि ती परत येणार नाही अशी व्यवस्था करणे.

मला आधीपासून यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. हे त्यावरून चेष्टा करतात, म्हणतात, हिला स्वप्नसुद्धा अनुक्रमांक लावून पडतं. पण त्या रविवारच्या कामात यादीतली एक गोष्ट चुकली असती तर मामांना त्रास झाला असता, म्हणून मी ती नीट केली होती आणि स्वयंपाकघराच्या दाराला टाचणीनं लावली होती.

आधी घराबद्दल सांगते. मामांनी सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत केली, मालाच्या शेडमध्ये. राहणं चाळीतल्या एका खोलीत. त्या खोलीच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या कठड्याची मोरी होती. भांडी तिथे, धुणं तिथे, आंघोळही तिथे, मध्ये दोरीवर पडदा. पुरुष बाहेर नळावर उरकत. बायकांनी आंघोळ करायची तर घरातल्या सगळ्यांनी बाहेर जाऊन उभं राहायचं. आत्यांनी अशी सगळी वर्षं काढली आणि लग्न होऊन आल्यावर मीही काही वर्षं काढली. मग खाडीपलीकडे सरकारी योजनेत घरं निघाली, यांच्या नावानं अर्ज भरला, आणि आमचा नंबर लागला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, छोटी गॅलरी, वेगळा संडास आणि वेगळं बाथरूम. बाथरूमला दार. दाराला आतून कडी.

राहायला आलो त्या दिवशी मामांनी ती कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. आतून म्हणाले, "आता कोनाला भायेर उभं राहायला नको."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाथरूमची खिडकी बंद करून टाकली. खिडकी डोक्याच्या उंचीवर होती, जाळी नाही, नुसते दोन गज. समोर दहा-पंधरा पावलांवर दुसरी इमारत, आणि तिच्या वरच्या मजल्याची गॅलरी थेट आमच्या खिडकीवर. मामांनी गोदीतून आणलेल्या चहाच्या पेट्यांचं प्लाय होतं. ते त्यांनी मापात कापलं आणि चारी बाजूंनी खिळे मारून गच्च बसवलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. समोर माणसं दिसत होती.

त्यांची दुसरी सवय रंगाची. आमच्या घरी वर्षाचा रंग जयंतीला निघतो, एप्रिलात. सेक्टरातल्या मंडळाची कमान निळ्या ऑइल पेंटनं रंगवली जायची आणि उरलेला डबा मामांकडे यायचा, कारण कमान रंगवणारे तेच. त्या डब्यातून ते बाथरूम रंगवत. दर वर्षी. एप्रिलात भिंती कोरड्या असतात, काळं काही असलंच तर एका हातात झाकून जातं. पाहुणे येत, पोरं नाचून दमून पाणी प्यायला येत, मामा कुणाला तरी सहज म्हणत, हात धुवायचे तर बाथरूममध्ये जा. आत निळंशार, चकचकीत. लोक बघत आणि मामा लोकांकडे बघत.

जूनमध्ये भिंतीला घाम सुटे. जुलैत पोपडे. ऑगस्टपर्यंत छतालगत आणि खिडकीच्या प्लायभोवती काळे ठिपके, मग ठिपक्यांचे डाग, मग डागांची एक अख्खी पट्टी. आम्ही ते घासत असू. कोरड्या भिंतीवर कोरडी काथ्याची घासणी. काळी पूड खाली पडे, थोडी नाकात जाई. चार वर्षं कुणाला काही झालं नाही. पावसाळ्यात कपडे वाळायला जागा नाही म्हणून दोरीही बाथरूममध्येच बांधलेली. पाणी सकाळी तासभर येई, म्हणून भिंतीला टेकवून मोठं पिंप. नळाचा वायसर गेलेला, थेंब थेंब गळे. आता लिहिताना वाटतं, बुरशीला आम्ही आमंत्रण देऊन पाटावर बसवलं होतं.

त्या वर्षी मामांना खोकला लागला. साधा नव्हे. आंघोळ करून बाहेर आले की दम लागायचा, श्वासाबरोबर शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. वर्षावासाचे दिवस होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत सेक्टरातल्या एका रिकाम्या दुकानात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले, आणि वाचणारे मामा होते. शाळा चौथीपर्यंतची, पण आवाज भरीव आणि उच्चार स्वच्छ. गोदीत ओरडून बोलायची सवय असलेला माणूस वाचताना मात्र कधी आवाज चढवत नसे. बायका म्हणत, मामांनी वाचलं की समजतं. ऑगस्टच्या मध्यात एका संध्याकाळी त्यांना एक पानही पुरं वाचता आलं नाही. खोकत बाहेर गेले. पुस्तक दुसऱ्या कुणी हातात घेतलं. घरी येऊन ते जेवले नाहीत.

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, आणि विचारलं, घरात ओल आहे का, बुरशी आहे का. मी बाथरूमचं वर्णन केलं. ते म्हणाले, गोळ्यांनी उतार पडेल, पण तुम्ही त्यांना रोज त्याच खोलीत दार लावून बसवणार असाल तर मी काय करणार. एक तर बुरशी जायला हवी, नाही तर म्हातारबा जायला हवेत.

हे धाकट्या दिरांना कळलं आणि त्यांचं लगेच पत्र आलं की मी रविवारी येतो, बाबांना गावी घेऊन जातो. त्यांचा हेतू चांगला होता. पण गावाहून दवाखान्याला जायचं तर नदी उतरून मग एस.टी. पावसात नदी उतरू देत नाही. आणि गावी वाचन नव्हतं. मामांना विचारलं तर ते म्हणाले, तुमी ठरवा. एवढंच. असं ते कधीच बोलत नसत, म्हणून मला धसका बसला. त्या क्षणापासून माझ्यापुरतं ते काम भिंतीचं राहिलं नाही. मामा या घरात राहतात की नाही, असं झालं.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस होते. आमच्या मुख्य बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला काय करायचं आणि काय करायचं नाही ते सांगितलं, दोन जोड रबरी हातमोजे दिले, आणि एक प्रश्न विचारला: हवा कुठून येते. मी म्हणाले, कुठूनच नाही. त्या म्हणाल्या, मग घासून काय उपयोग, दिवाळीपर्यंत परत येईल. त्या बाईंची मी आजही आठवण काढते. एक प्रश्न विचारून त्यांनी माझा अर्धा पावसाळा वाचवला.

तर खिडकी उघडायला हवी होती. हे मामांना सांगणं माझ्याकडे आलं, कारण यांनी आदल्या दिवशी प्रयत्न केला होता आणि मामांनी ऐकूनच घेतलं नव्हतं.

मी गॅलरीत त्यांच्याजवळ जाऊन बसले. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. ते ऐकत होते. मी म्हणाले, मामा, प्लाय काढावं लागेल. त्यांना खोकला आला, तो जाऊ दिला. मग म्हणाले,

"बाय, माज्या आयशीनं जन्मभर चार काठ्यांना लुगडं बांधून त्याच्या आड आंघोळ केली. वारा आला की एक हात लुगड्याला, एक हात अंगाला. जाणारे येणारे हसायचे. मी ल्हान होतो, मी काठी धरून उभा असायचो. माज्या सुनेनं, नातीनं कोनाच्या डोळ्यांसमोर आंघोळ करायची नाय. मी खोकून मेलो तरी चालंल."

माझ्यासाठी त्यांनी खिडकी बंद केली होती हे मला माहीत होतं. त्यामागे कुणासाठी केली होती, ते त्या दिवशी कळलं. उठून आत गेले, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत विचार केला. मामांचं म्हणणं बरोबर होतं आणि डॉक्टरांचंही बरोबर होतं. मग दोन्ही बसतील अशी खिडकी हवी.

आमच्या कारखान्यात रसायनांच्या कोठाराला खिडकीऐवजी लाकडी पट्ट्या होत्या, एकीवर एक, तिरक्या, बाहेरच्या बाजूला उतरत्या. हवा सतत वाहती, पाऊस आत नाही, आणि बाहेरून पाहिलं तर नुसतं लाकूड दिसे. चहा घेऊन गेले तेव्हा मी कागदावर ते काढून मामांपुढे ठेवलं. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. म्हणाले, असं गोदीत शेडला वरती असायचं. मग कागद घडी करून खिशात टाकला. हो म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर गॅलरीत भुसा पडला होता.

चाळीतली सागवानी खाट आम्ही इकडे आणली होती, वापरात नव्हती, भिंतीला उभी होती. तिच्या फळ्या कापून मामांनी पट्ट्या केल्या. आत्यांनी तक्रार केली की माझी दोन्ही पोरं या खाटेवर वाढली. मामा म्हणाले, मग आता आंघोळीला उपयोगी पडू दे. चौकट केली, चौकटीला तिरप्या खाचा केल्या, खाचांत पट्ट्या बसवल्या. थांबत थांबत, खोकत, पण हात स्थिर. आमच्या ह्यांनी रंधा मारून दिला. भुशानं खोकला वाढेल म्हणून मी रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं गॅलरी पुसून घेत होते.

आणि मग तो रविवार.

सकाळी सगळ्यांची आंघोळ उरकली. यांनी प्लाय उपटलं. त्याच्या मागची बाजू पाहून आत्यांनी तोंडाला पदर लावला. काळी, ओली, जाड, एखाद्या जनावराच्या कातडीसारखी. मामा ते पाहून बाजूला झाले. मग यांनी गजांपुढे चौकट धरली आणि मामा म्हणाले, थांबा, आधी मला खात्री करू द्या.

समोरच्या वरच्या गॅलरीतल्या बाई जवळच्याच जुई गावच्या, आगरी. माशांचा धंदा करत. दुपारी टोपली रिकामी करून आल्या की गॅलरीत बसायच्या. आमची त्यांच्याशी ओळख बेताची होती, कारण मामांनी त्यांच्याकडे तोंड असलेली एकमेव खिडकी बंद करून ठेवली होती. रविवारी त्या घरी होत्या. मामांनी खालून हाक मारून विचारलं की जरा बघून सांगता का, आत कोण उभं आहे. आत आमची मुलगी उभी, हात वर करून, बोटं नाचवत.

बाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. "काय पन दिसत नाय. नुसता लाकूड हाय."

मामांनी विचारलं, नीट बघितलं ना.

"अवो मामा, आमाला काय तुमची न्हानी बगाला येल हाय? पाच वर्सं फली ठोकून बसलाव, मी बोलले, ह्यांच्याकडं सोन्याच्या इटा हायत का काय."

मी हसले, आत्या हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांना दुसऱ्याच्या शब्दावर हे सोडायचं नव्हतं. म्हणाले, मी स्वतः वरून बघतो. आम्ही सगळे नको म्हणत होतो, दोन जिने चढायचे होते, पण ते निघाले. एकेका टप्प्यावर थांबून चढले असणार, कारण बऱ्याच वेळानं वरच्या गॅलरीत त्यांचं डोकं दिसलं. कठडा धरून उभे राहिले. श्वास घेतला. मग आमच्या खिडकीकडे पाहिलं. डावीकडे सरकून पाहिलं, उजवीकडे सरकून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. आत मुलगी ओरडत होती, आबा, मी हाताची किती बोटं केलीत सांगा. मामांना सांगता येईना.

वरून त्यांनी हात हलवला. "बसवा चौकट. आन् रंग काढा सगळा. रंग माजाच हाय, कोनाला इचारायला नको."

माझ्या यादीत पहिलंच वाक्य होतं: मामांना दिवसभर घराबाहेर ठेवणे. कसं, ते लिहिलेलं नव्हतं, कारण मला सुचलंच नव्हतं. ते आता आपोआप झालं. समोरच्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि खाली येऊ दिलं नाही. म्हणाल्या, तुमची धूल उडल, इकडंच बसा. दुपारी जेवायलाही त्यांनीच घातलं, बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मामा त्या दिवशी कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्याचं नंतर कळलं.

आता आमचं काम. त्याचा क्रम मी आजही सांगते, कारण लोक अजून चुकतात. आतल्या खोलीचं दार बंद, फटीला ओलं फडकं. खिडकी उघडी. नाकावर ओला रुमाल. पहिलं काम घासणं नव्हे, भिंत भिजवणं. फवाऱ्यानं, छतापासून खाली, म्हणजे बुरशीची पूड हवेत उडत नाही, ओली होऊन चिकटून राहते. आम्ही इतकी वर्षं कोरडं घासत होतो आणि तेच श्वासात घेत होतो. मग रंगाऱ्याकडून आणलेल्या पत्र्याच्या पट्टीनं रंग खरवडला. निळ्याखाली निळा, त्याखाली आणखी निळा, आणि दोन थरांच्या मध्ये काळं. ऑइल पेंटखाली ओल कोंडून बसली होती, तिला जायला वाट नव्हती. पोपडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून गोणीत, गोणी लगेच खाली.

मग ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवली, निवू दिली, वरचं निवळ पाणी घेतलं. हातमोजे घालून फडक्यानं भिंतीला लावलं आणि भिंत ओली ठेवून थांबलो. एवढ्यात आत्या संडासाची ॲसिडची बाटली घेऊन दारात आल्या. त्यांना वाटलं, एकानं एवढं निघतं तर दोन्हीनं मुळापासून निघेल. बूच काढलेलं होतं.

मी ओरडले, "आत्या, मागं व्हा."

मी त्यांच्यावर त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की जो वायू निघतो त्यानं धडधाकट माणूसही गुदमरतो. आमच्या कारखान्यात धुलाईच्या एका माणसाला उचलून बाहेर नेताना मी पाहिलं होतं. आत्यांनी बूच लावलं, बाटली गॅलरीत ठेवली आणि जवळच उभ्या राहिल्या. मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं ओरडलीस, मी ओतलंच असतं. रुसल्या नाहीत. मग त्यांनी स्वतः दारात पाटावर बसून पहारा केला, की दुसरं काही आत जाऊ नये. मुलगीही नाही.

भर दुपारी धाकटे दीर आले. दारात आत्या पाटावर, आतून खरखर, घरभर क्लोरिनचा वास, आणि बाबा कुठं दिसत नाहीत. त्यांचा चेहरा पडला. आत्यांनी समोर बोट दाखवलं. ते तसेच, बॅग न ठेवता, वर गेले. तिथलं बोलणं मला समोरच्या बाईंनी नंतर सांगितलं आणि पुढे कित्येक वर्षं नक्कल करून सांगत राहिल्या. भावोजी म्हणाले, बाबा, उद्या सकाळची गाडी आहे, गावच्या घरात हवा खेळती आहे, तुम्हाला बरं वाटेल. मामा म्हणाले, "मी काय माल हाय? हिकडनं उचलला, तिकडं उतरवला?" आणि मग शांतपणे, पौर्णिमेपर्यंत बघ. तोवर बरं नाही वाटलं तर मी स्वतः येतो, न्यायला नको यायला.

संध्याकाळी दोघं भाऊ भिंत धुवत होते. भावोजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि ते थोरल्याला सांगत होते की तुला घासता येत नाही. तेव्हा मला जरा हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते एकटे परत गेले, पण पौर्णिमेला येतो असं बजावून गेले.

भिंती नागड्या ठेवल्या, नुसतं प्लास्टर. चौकट गजांना आतून लागून बसली. पिंप भिंतीपासून सरकवून विटांवर ठेवलं. वायसर बदलला. कपड्यांची दोरी निघाली ती स्वयंपाकघराच्या छताखाली गेली. आणि एक नियम केला: जो शेवटी आंघोळ करेल त्यानं भिंती आणि फरशी कोरड्या फडक्यानं पुसून दार उघडं ठेवायचं. हा नियम मी केला, पण चालवला मामांनी. महिन्याभरात त्यांनी आपला नंबर मुद्दाम शेवटचा करून घेतला. आंघोळ झाली की आतून फडक्याचा आवाज यायचा, वरून खाली, वरून खाली. मग ते बाहेर येऊन दार टेकवायचे नाहीत, सताड उघडं टाकायचे. ज्या माणसाला आतून कडी लागते याचं एवढं अप्रूप, त्यानं दार उघडं टाकायची सवय लावून घेतली.

खोकला एकदम गेला नाही. गोळ्या चालूच होत्या, आणि डॉक्टरांचं श्रेय मी काढून घेणार नाही. पण शिट्टी आधी कमी झाली, मग आंघोळीनंतरचा दम गेला. सप्टेंबरच्या अखेरीला ते वाचनाला नुसते ऐकायला जाऊन बसले. काही दिवसांनी अर्धं पान वाचलं. ऑक्टोबरच्या उन्हात भिंती ठणठणीत वाळल्यावर आम्ही ऑइल पेंट न लावता चुना दिला. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, आणि बुरशीला चुना मानवत नाही. पांढरं बाथरूम बघून मामा म्हणाले, दवाखान्यासारखं दिसतं. पण पुढच्या एप्रिलात मंडळाचा निळा डबा आला तेव्हा त्यांनी तो गॅलरीच्या कठड्याला वापरला.

आश्विन पौर्णिमेला सांगता होती. भावोजी सकाळीच आले होते. दुकान भरून माणसं रस्त्यावर बसली होती, समोरच्या आगरी बाई मागे उभ्या होत्या, आपल्या मामांचं कसं होतंय ते बघायला. मामांनी पांढरा सदरा घातला होता. त्यांनी शेवटचं प्रकरण पूर्ण वाचलं. मधे एकदा थांबले, पाणी प्यायले, आणि पुढे वाचू लागले. भावोजी माझ्या शेजारी बसले होते. वाचन संपल्यावर ते मला म्हणाले, "वहिनी, त्यांची पिशवी भरू नका." मी भरली नव्हतीच.

मामा त्यानंतर बरीच वर्षं आमच्याबरोबर राहिले आणि वर्षावासाचं वाचन त्यांनी एकदाही चुकवलं नाही. त्या खिडकीच्या पट्ट्या अजून आहेत. दर वर्षी पावसाआधी मी त्यांना जवसाचं तेल देते. एका माणसानं आपल्या आईची काठी धरली, आणि त्याचं फळ मला आणि माझ्या मुलीला मिळालं, हे तेल लावताना दर वेळी मनात येतं. मुख्य बाईंना, त्या डॉक्टरांना, बोंबलाच्या कालवणाला, सगळ्यांना मनातल्या मनात नमस्कार होतो.

एक काम राहिलं आहे. त्या आठवड्यात मामांनी खाटेच्या उरलेल्या फळ्यांमधून पट्ट्यांचा दुसरा जोड कापून ठेवला होता. सुतळीनं बांधून त्यांनी तो माळ्यावर टाकला. गावी तेव्हा न्हाणीघर नव्हतं, परसात फळकुटांचा आडोसा होता. मी विचारलं, हे कशाला. म्हणाले, गावी न्यायची वेळ आलीच तर तिकडं खिडकी लागंल मला. आणि मला नाय लागली तरी धाकट्याच्या बायकोला लागंल.

भावोजींनी गेल्या वर्षी न्हाणीघर बांधलं. पक्कं, सिमेंटचं, दाराला आतून कडी. खिडकीला त्यांनी पत्रा ठोकला आहे, कारण समोर रस्ता आहे. मी मे महिन्यात गेले तेव्हा पत्र्याभोवती छताला काळे ठिपके दिसले. पट्ट्यांचा जोड खाली उतरवून, पुसून, तेल लावून ठेवला आहे. चौकट इथे करून नेता येईल, पण गावची खिडकी किती रुंद आहे ते मला माहीत नाही. माप घेऊन कळवा, असं भावोजींना दोनदा लिहिलं. अजून आलेलं नाही.